सोन्याच्या खोलीतला फोम

वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात ताई फोन घ्यायची. "नमस्कार, बोला, काय तक्रार आहे?" हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की झोपेतून कुणी हलवून उठवलं तरी तोंडून आधी तेच बाहेर पडायचं. पलीकडचा माणूस अंधारात घामाघूम होऊन बसलेला असायचा. कंपनीवरचा, सरकारवरचा, कधीकधी बायकोवरचाही राग तो तिच्या कानात ओतायचा. ताई ऐकून घ्यायची. तिच्याइतक्या शांतपणे शिव्या खाणारं दुसरं माणूस त्या केंद्रात नव्हतं. नवीन लागलेल्या मुली विचारायच्या, "ताई, तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

"येतो गं," ती म्हणायची, "पण बाहेर पडेपर्यंत तोही दमून जातो बिचारा."

घरी सोन्या होता. सोन्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दाढीत पांढरे केस आले, डोक्यावरचे निम्मे गेले, तरी तो सोन्याच. त्याला बोलता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं. चालायचा, जेवायचा, माणसं ओळखायचा, हातात हात घेतला की खुशीत मान डोलवायचा, पण शब्द म्हणून एक फुटला नाही. शब्दांऐवजी त्याच्याकडे एक आवाज होता. लांबलचक, एकाच पट्टीतला 'आ'. भूक लागली, पोटात दुखलं, शर्टाची शिवण टोचली, घरात नवीन माणूस आलं, किंवा यातलं काहीच झालं नाही, तरी तोच 'आ'. दम संपेपर्यंत चालायचा, मग एक श्वास, मग पुन्हा. डॉक्टर झाले, औषधं झाली. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा, तोंडातून लाळ गळायची, आणि गुंगी उतरली की राहून गेलेला सगळा आवाज एकदम बाहेर काढायचा. शेवटी ताईनेच गोळ्या कमी करून घेतल्या.

आई होती तोवर सोन्या आईचा होता. आई गेली आणि तो ताईचा झाला. कुणी ठरवलं नाही, विचारलंही नाही. थोरला दादा दुसऱ्या शहरात होता, त्याला संसार होता. ताईचं लग्न झालं नाही असं लोक म्हणायचे. ताईच्या मते ते राहून गेलं होतं. या दोन्हींत फरक आहे, पण तो समजावत बसायला तिला वेळ नव्हता.

सोन्याच्या आवाजापायी तिने किती घरं बदलली होती! सगळीकडे तेच व्हायचं. सुरुवातीला शेजारी म्हणायचे, "असू दे हो, देवाचं लेकरू आहे." काही दिवसांनी, "जरा बघा ना त्याच्याकडे." मग घरमालक यायचा आणि खाली मान घालून सांगायचा, की आमचा मुलगा परत येतोय राहायला. सोन्या राहायला आला की प्रत्येक घरमालकाच्या मुलाला आईवडिलांची आठवण येत असे.

आत्ताचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली आतली खोली सोन्याची. त्या खोलीत आता काहीही उरलेलं नव्हतं. आधी तिथे खुर्ची होती, ती त्याने भिंतीवर आपटून मोडली. पडदे होते, ते तो लोंबकळून ओढायचा, म्हणून काढले. कपाट अंगावर पाडून घेईल या भीतीने बाहेरच्या खोलीत आणलं. सतरंजीचे धागे उसवून तो तोंडात घालायचा, तीही गेली. राहिली जमिनीवरची एक गादी, चार उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी. त्या रिकाम्या खोलीत चमचा पडला तरी भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटायचं. सोन्याचा 'आ' तर तिथे असा घुमायचा की एक सोन्या ओरडतोय की चार, कळू नये. दिवसभर त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशी कानात कापसाचे बोळे घालून बसायच्या. त्या मुळात कमी ऐकू येणाऱ्या. "म्हणून तर टिकले मी इथे," असं स्वतःच म्हणायच्या.

एका संध्याकाळी ताई कामावरून परत आली तर जिन्याच्या पायरीवर खालच्या मजल्यावरचा ड्रायव्हर बसलेला. तो रुग्णवाहिका चालवायचा, कायम रात्रपाळीला. पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अंगावर कामाचा पांढरा शर्ट.  भांडण कसं सुरू होतं हे ताईला पाठ होतं.

"ताई, मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "बसा जरा."

ती दोन पायऱ्या खाली, पर्स मांडीवर घेऊन बसली.

"मी सकाळी येऊन झोपतो. तुम्हाला माहितीये. तुमच्या भावाचा आवाज सुरू झाला की डोळ्याला डोळा लागत नाही. बायको म्हणाली, वर जाऊन बोला. मी म्हटलं, काय बोलू? तो काय मुद्दाम करतो?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "पण काल सिग्नलला उभा होतो आणि डुलकी लागली. मागे पेशंट होता. त्याच्या मुलाने खांद्याला धरून हलवलं मला. ताई, तो मुलगा रडत होता हो."

ताईला त्याने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. आरडाओरड्याला काय उत्तर द्यायचं हे तिला नोकरीने शिकवलं होतं. या माणसाला काय सांगायचं? "मी बघते काहीतरी," एवढंच ती म्हणाली. "तुमची तक्रार नोंदवून घेते" हे अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

वर जाऊन तिने दादाला फोन लावला.

दादा तर वाटच बघत होता. "मी तुला केव्हापासून सांगतोय. माझ्या ओळखीतून एका संस्थेत जागा होतेय. चांगली माणसं आहेत, डॉक्टर असतो. महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येतो, आपण दोघं जाऊन बघू, त्यालाही नेऊ. किती दिवस करशील तू?"

"ये," ताई म्हणाली. याआधी दर वेळी ती "नको" म्हणायची, म्हणून दादाने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्याच सुमारास तक्रार केंद्राची जागा बदलायची ठरली. जुनी इमारत पाडणार होते. सामान हलवायला सुरुवात झाली आणि एके दिवशी कामगार भिंतींवरचा फोम उपटायला लागले. राखाडी रंगाचे चौकोनी तक्ते, समोरच्या बाजूला अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे आणि खड्डे. इतकी वर्षं ताई त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, ते कशासाठी आहेत हे तिने कधी विचारलं नव्हतं. निम्मी खोली उघडी पडली आणि एकदम सगळ्यांचे आवाज वाढल्यासारखे झाले. शेजारची मुलगी बोलत होती ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत येत होतं. फोनच्या पलीकडचं गिऱ्हाईक ताईला विचारायला लागलं, "तुम्ही काय बाजारात बसून फोन घेताय का?"

ताई हातातला फोन ठेवून उठली. साहेब दारात उभे राहून कामगारांना सूचना देत होते.

"साहेब, या फोमचं काय करणार?"

"काय करणार? फेकणार. नवीन जागेत नवीन बसवतायत."

"मी नेऊ?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ताईने काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं, रजासुद्धा नाही. "न्या की. सगळे न्या. पण करणार काय त्याचं? गाद्या?"

"भिंतींना लावीन," ताई म्हणाली. "घरात आवाज फार होतो."

टेंपोवाल्याने फोमचा ढीग दारात उतरवला तेव्हा मावशी हबकल्या. "अगोबाई, ही कसली पीडा आणलीत!" वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. गच्चीवर नेऊन ताईने एकेक तक्ता काठीने झोडपला, ओल्या फडक्याने पुसला, उन्हात ठेवला. तिचं नाक चोंदलं, डोळे लाल झाले. त्या आठवड्यात ती कामावर भसाड्या आवाजात "नमस्कार, बोला" म्हणत होती आणि लोक तिलाच विचारत होते, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

एक तक्ता तिने नुसताच सोन्याच्या खोलीत ठेवून पाहिला. सोन्याने तो हुंगला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग एक उंचवटा दातांनी तोडून चावायला लागला. मावशींनी धावत जाऊन त्याच्या तोंडात बोट घालून तुकडा काढला.

म्हणजे उघडा फोम चालायचा नव्हता. ताईने आईच्या जुन्या सुती चादरी काढल्या. पातळ कापड असेल तर आवाज त्यातून आत जाईल, एवढा अंदाज तिने बांधला होता. चादर तोंडाशी धरून तिने फुंकर मारून पाहिली. पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागला. मग कामावरून आल्यावर, सोन्याला भरवून झालं की ती शिलाई मशीनवर बसायची. प्रत्येक तक्त्याला खोळ. उशीचे अभ्रे शिवावेत तसं काम, पण संपता संपेना. आपण आजवर जे जे केलं ते असंच होतं, असं तिला एकदा वाटून गेलं. एक खोळ झाली की दुसरी. मग तिने सुईत दोरा ओवला आणि तो विचार तिथेच सोडून दिला.

भिंतीला लावायचं काम तिच्याच्याने होणारं नव्हतं. चिकटवायचं म्हटलं तर त्या वासाने सोन्या पिसाळला असता. सुट्टीच्या दिवशी ती फळ्या आणि स्क्रू घेऊन जिना चढत होती तेव्हा ड्रायव्हरने दार उघडलं.

"काय चाललंय, ताई?"

तिने सांगितलं. तो चपला घालून मागोमाग वर आला. घरून ड्रिल मशीन आणलं. मावशी सोन्याला घेऊन गच्चीवर गेल्या आणि हे दोघं कामाला लागले. ड्रायव्हर फळीवर तक्ता ठोकायचा, ताई खोळीची कड ताणून धरायची, मग दोघं मिळून तो भिंतीवर चढवायचे.

विजेच्या बटणांपाशी आल्यावर तो थांबला. "इथे नको. फोम भडकन पेटतो. जळालेल्या घरांतून माणसं काढलीयत मी, मला विचारा. बटणांच्या आजूबाजूला मोकळं ठेवा. आणि या खोलीत इस्त्री, मेणबत्ती, काही काही आणायचं नाही."

"इथे गादीशिवाय काहीच नसतं," ताई म्हणाली.

त्याने उघड्या खोलीवरून नजर फिरवली. या खोलीच्या आत तो पहिल्यांदाच आला होता. "कधीपासून एकट्याच सांभाळताय?"

"एकटी कुठे? मावशी आहेत."

"हं," तो म्हणाला आणि पुढचा स्क्रू पिळायला लागला. थोड्या वेळाने भिंतीकडेच बघत म्हणाला, "बायको म्हणते, नोकरी सोडा. मी म्हणतो, सोडून काय करू? मला गाडी चालवण्यापलीकडे काय येतं? झोपायलासुद्धा येत नाही आता नीट."

दोघंही हसले, पण दमलेली माणसं हसतात तसे, अर्ध्यावरच थांबले.

काम झालं तेव्हा चारी भिंती आईच्या चादरींनी झाकलेल्या होत्या. निळ्या फुलांच्या, फिकट पिवळ्या, रेघारेघांच्या. ताईने हलकेच टाळी वाजवली. कोरडी, छोटीशी टाळी वाजली आणि जागच्या जागी विझली. तिला आनंदाने भरून आलं. "बघा!" ती म्हणाली. "कशी गिळली!"

सोन्याला खाली आणलं. नवी खोली पाहून तो बिथरला आणि व्हायचं तेच झालं, त्याने 'आ' सुरू केला. ताईने दार लावून घेतलं आणि ड्रायव्हर घाईघाईने आपल्या घरी गेला ऐकायला.

तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

"येतोय," तो म्हणाला. "तसाच येतोय. ढिम्म फरक नाही, ताई."

ताई उंबऱ्यावरच बसली. ड्रायव्हर काहीतरी बोलत होता, दाराला फट आहे, खिडकी लावून बघू, वगैरे. तिला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. झोडपलेली धूळ, शिवलेल्या खोळी, फाडलेल्या चादरी, सगळं पाण्यात. आणि आता या भल्या माणसाची एकुलती एक सुट्टीही तिने खाल्ली होती.

नव्या जागेत तक्रार केंद्र सुरू झालं तेव्हा आवाजाचं काम करणारा एक तरुण इंजिनियर यंत्र घेऊन हिंडत होता. ताईने त्याला गाठलं. त्याने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"फोम खोलीच्या आतला आवाज शोषतो," तो म्हणाला. "भिंतीवर आपटून परत येतो ना, तो. पलीकडे जाणारा आवाज त्याने अडत नाही. तो अडवायला जड काहीतरी लागतं. दुहेरी भिंत, भरीव दार. फोमातून हवा जाते, मग आवाजही जाणारच."

"म्हणजे मी खोलीला स्वेटर घालून पावसात उभं केलं."

तो हसला, मग तिच्याकडे बघून त्याने हसू आवरलं. "दाराच्या फटींना रबराची पट्टी लावा. जमिनीवर जाड काहीतरी अंथरा. थोडा फरक पडेल. फार नाही, खरंच सांगतो."

पट्टी लावली. गादीखाली रबरी चटई अंथरली, सोन्याला उसवता येणार नाही अशी. थोडा फरक पडला, त्याने सांगितला होता तेवढाच. तक्ते काढून टाकावेत असं ताईच्या मनात रोज यायचं, पण काढायला लागणारी ताकदही तिच्यात उरली नव्हती. महिनाअखेरीला दादा येणारच होता. सोन्या गेल्यावर काढू, असं ती मनाशी म्हणाली आणि आपण काय म्हटलं हे लक्षात येऊन ओट्याशी नुसतीच उभी राहिली.

फरक पहिल्यांदा मावशींच्या लक्षात आला. कमी ऐकू येणाऱ्या मावशींच्या! "ताई, मी आज कापूस घातलाच नाही कानात," त्या म्हणाल्या. "आठवणच झाली नाही बघा."

ताईने सुट्टी घेतली आणि दिवसभर सोन्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. सकाळी त्याला काहीतरी खुपलं आणि त्याने सुरुवात केली. 'आ' बाहेर पडला आणि संपला. सोन्या थांबला. मान तिरकी करून भिंतीकडे बघत राहिला. पुन्हा एकदा ओरडला. पुन्हा थांबला. समोरून काहीच आलं नाही. मग त्याने नाक ओढलं, चादरीवरच्या निळ्या फुलांना गाल टेकवला आणि तोंड मिटून बारीक आवाजात हूं हूं करत राहिला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं त्या रिकाम्या खोल्यांतून कुणीतरी त्याच्यावर उलट ओरडत होतं. भिंती ओरडत होत्या. त्याने मोडलं, ओढलं म्हणून तिने एकेक वस्तू बाहेर काढली, आणि जितकं काढलं तितक्या भिंती जोरात ओरडायला लागल्या. तो काय करणार? तोही त्यांना उत्तर देत बसला.

"सोन्या," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. या खोलीत ती नेहमी त्याच्या वर आवाज चढवून बोलायची. आत्ता तिने अगदी हळू हाक मारली होती आणि त्याने मान वळवून पाहिलं होतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दात दुखायला लागला तेव्हा सोन्याने सगळी इमारत डोक्यावर घेतली, फोम असून नसल्यासारखा. पण एरवीचं ओरडणं तुटक झालं. सुरू व्हायचं आणि विरून जायचं. ड्रायव्हर जिन्यात भेटला की सांगायचा, "मधूनमधून येतो आवाज. जाग येते. पण थांबतो हो लगेच, मग लागते परत झोप." त्याच्या डोळ्यांखालचं काळं गेलं नव्हतं, पण त्याने दाढी केलेली असायची.

महिनाअखेरीला दादा गाडी घेऊन आला. ताईने त्याला खोली दाखवली. त्याने दारातूनच पाहिलं. "हे काय, गोधड्यांचं दुकान?" म्हणाला. ताईने समजावायचा प्रयत्न केला. दादा म्हणाला, "चांगलं आहे. पण आपण एकदा जाऊन तर बघू. जागा फार दिवस धरून ठेवत नाहीत."

ती गेली. जायचं कबूल केलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला जायचंही होतं. गाडीत सोन्याचा हात हातात धरून ती बसली आणि तिच्या मनात आलं, की त्याला तिथे ठेवलं तर सकाळी कुणाला भरवायचं नसेल. त्या विचाराची तिला लाज वाटली आणि तो सोडवेनाही.

संस्था स्वच्छ होती. बाग होती. तिथल्या बाई सोन्याशी इतक्या प्रेमाने बोलल्या की ताईला उगाच भरून आलं. मग त्या म्हणाल्या, "चला, हॉल दाखवते. दिवसा सगळे तिथेच असतात."

हॉल मोठा होता, नुकताच बांधलेला. उंच छत, मोठमोठ्या काचेच्या खिडक्या, चकचकीत फरशी. कुणा भल्या माणसाने देणगी दिली होती. आत वीसेक जण बसलेले. कुणीतरी वाटी टाकली, तिचा खणखणाट छताला जाऊन आपटला आणि खाली येऊन पसरला. एक म्हातारा टेबलावर हात आपटत होता, एक मुलगी खिदळत होती. त्यातलं काहीच वाईट नव्हतं, पण सगळं मिळून कानावर गारांसारखं आदळत होतं. सोन्याने ताईचा हात सोडला, दोन्ही कान दाबले आणि 'आ' सुरू केला. हॉलने तो त्याला जसाच्या तसा परत दिला. मग म्हातारा ओरडायला लागला, आणि त्याच्यामागून आणखी दोघं.

"सुरुवातीला होतं असं," बाई मोठ्याने म्हणाल्या. "सवय होते हळूहळू."

"हो ना," दादा म्हणाला.

ताईने सोन्याला खांद्याला धरून बाहेर आणलं. बागेत आल्यावरही तो कान सोडेना. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दादा मागून आला.

"नाही ठेवत मी त्याला इथे," ती म्हणाली.

"अगं, माणसं किती चांगली आहेत..."

"माणसं चांगलीच आहेत रे. हॉल वाईट आहे."

"हॉलमुळे कुणी जागा सोडतं का? वेडी आहेस का तू?" दादाचा आवाज चढला. "मला फोन कुणी केला होता? तू केलास. आता मी पुन्हा विचारायला येणार नाही, सांगून ठेवतो."

"मी दमले होते," ताई म्हणाली. "अजून दमलेलीच आहे. पण तुला दिसलं ना आत काय झालं ते?"

दादाने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग ते परतीच्या वाटेला लागले. मागे सोन्या ताईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. तिचा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता, पण ती हलली नाही. घर जवळ आल्यावर दादा आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "मला तो आवाज सहन होत नाही. लहानपणापासून. म्हणून मी यायचो नाही. तुला काय वाटत असेल माझ्याबद्दल, मला माहितीये."

"काही वाटायला वेळ कुठे होता?" ताई म्हणाली. तिने ते चिडून म्हटलं नव्हतं, पण दादाने मान खाली घातली.

"महिन्यातला एक रविवार मी येत जाईन," थोड्या वेळाने तो म्हणाला. "दिवसभर. तू कुठेतरी जात जा."

ताईने त्यावर फार भरवसा ठेवला नाही, आणि ते बरंच झालं, कारण पुढचा महिना तसाच गेला. त्यानंतरच्या महिन्यात मात्र एका रविवारी दादा खरंच हजर झाला. येताना नवी सुती चादर घेऊन आला, कारण सोन्याने खालच्या ओळीतली एक खोळ फाडल्याचं ताईने फोनवर सांगितलं होतं. मावशींनी सोन्याला भरवायचं कसं, पाणी कसं द्यायचं, सगळं दादाला दाखवलं. दादा बूट काढून, मोजे घालूनच सोन्याच्या गादीच्या कडेला बसला, परीक्षेला बसल्यासारखा. सोन्या त्याच्या घड्याळाचा पट्टा हुंगत होता.

"जा तू," दादा म्हणाला. "काही लागलं तर फोन करतो."

ताई जिना उतरली. ड्रायव्हरच्या दाराशी त्याची बायको झाडत होती. "काय ताई, आज सुट्टीच्या दिवशी कुठे?" तिने विचारलं.  "जरा बाहेर," एवढं म्हणून ताई रस्त्यावर आली. दुकानं उघडी होती, तिला काही घ्यायचं नव्हतं. मैत्रिणी एकेक करून कधी दुरावल्या ते तिला आठवतही नव्हतं. पाय नेहमीच्या सवयीने तिला बसस्टॉपवर घेऊन आले. ती बाकावर बसली. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसऱ्या बसचा कंडक्टर पायरीवर वाकून म्हणाला, "बाई, यायचंय की नुसतं बसायचंय?"

"कुठे जाते ही?"

"लांब जाते. शेवटच्या स्टॉपला तळं आहे. उतरून बघण्यासारखं तसं काही नाही."

"चालेल," ताई म्हणाली आणि चढली.

तिने शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढलं. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी सुरू झाली, वारा तोंडावर आला, आणि गावाबाहेरचा पूल यायच्या आतच तिची मान खिडकीच्या गजाला टेकली. खड्डे आले, माणसं चढली, उतरली, कुणाचं तरी बाळ रडलं. ताईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने तिच्या खांद्याला हात लावला. "बाई, आलं तळं."

"नमस्कार, बोला," ताई डोळे न उघडता म्हणाली.

कंडक्टर हसला. सगळी गाडी रिकामी झाली होती. त्याने बसच्या ड्रायव्हरकडे पाहिलं, त्याने चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं. "झोपा," कंडक्टर म्हणाला. "गाडी परत निघायला अजून वेळ आहे."